सोमलिंग आप्पांच्या गाडीचा डावा कल

सोमलिंग वैजिनाथ तोडकर (जन्म केज, १९३४; मृत्यू केज, २००७) हे पुढारी नव्हते आणि कोणत्याही संस्थेच्या भिंतीवर त्यांची तसबीर लावलेली नाही. तरीही आमच्या तालुक्यातील दूध संस्था ज्या उन्हाळ्यात बंद पडता पडता वाचली, त्या उन्हाळ्याचा वृत्तान्त त्यांना वगळून लिहिता येत नाही. मी त्या वेळी केजच्या हायस्कुलात मुख्याध्यापक होतो आणि संस्थेचा मानद सचिवही होतो. म्हणून पुढे जे लिहिले आहे, त्यातील बहुतेक माझ्या डोळ्यांसमोर घडलेले आहे.

तोडकरांचे घराणे व्यापारी. वडील वैजिनाथ यांचे बाजारपेठेत किराणा दुकान होते. वाटणीत दुकान थोरल्या भावाकडे गेले आणि सोमलिंग यांच्या वाट्याला दुकानामागची मोकळी जागा व तिच्यात उभी असलेली एक मोटारगाडी आली. ते तक्रार करणाऱ्यांपैकी नव्हते. गळ्यात लिंग, अंगात पांढरी बंडी आणि बोलणे नेमके, असा त्यांचा एकूण थाट असे. वयाने मोठी माणसेसुद्धा त्यांना आप्पा म्हणत. मीही तेच नाव वापरतो.

ती गाडी लँडमास्टर होती. वडिलांनी ती एका निवृत्त सरकारी डॉक्टरांकडून घेतली होती. पुण्याकडील हौशी मंडळी आता अशा गाड्यांना क्लासिक म्हणतात आणि त्या घासूनपुसून मिरवतात. आमच्याकडे ती केवळ जुनी गाडी होती, आणि जुन्या गाडीने काम केले पाहिजे, असा आप्पांचा सरळ हिशेब होता. त्यांनी तिचे पेट्रोलचे इंजिन काढून मेटाडोरचे डिझेल इंजिन बसवले. मागचे आसन काढले, डिकी कापली आणि तेथे लोखंडी हौदा जोडला. मागच्या चाकांवर भार पेलण्यासाठी लहान ट्रकचे जाड पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, चढवल्या. हौद्याला दोन्ही बाजूंनी उघडणारे फाळके होते; परंतु उजवा फाळका खड्ड्यातून जाताना आपोआप निसटे, म्हणून आप्पांनी तो एके दिवशी वेल्डिंग करून कायमचा बंद केला. गाडीचे नाक डॉक्टरांचे आणि पाठ मालवाहू, असे ते रूप पाहून नवखे लोक हसत. आप्पांना त्याचे काही वाटत नसे.

संस्था स्थापन झाली तेव्हा दुधाचा मार्ग याच गाडीला मिळाला. टाकळी, पळसखेडे आणि बोरगाव या तीन गावांचे दूध पहाटे गोळा करायचे आणि ऊन चढण्यापूर्वी अंबाजोगाईच्या शीतकरण केंद्रावर उतरवायचे. रस्ते असे अरुंद की ट्रक वळवायला जागा नव्हती. लँडमास्टर मात्र गावाच्या पारापर्यंत जाई. लोक रस्त्याच्या डाव्या कडेला कॅन घेऊन उभे राहत आणि डाव्या फाळक्यातून ते आत सरकवत.

येथे आमच्या लोकांचा एक स्वभाव सांगणे आवश्यक आहे. केंद्रावर ज्या क्रमाने कॅन उतरत, त्या क्रमाने दूध उकळून तपासले जाई. उन्हाळ्यात अर्ध्या तासाच्या उशिरानेही दूध फाटू शकते, त्यामुळे आपला कॅन आधी उतरावा असे प्रत्येक गावाला वाटणे स्वाभाविकच होते. पण हळूहळू त्याला मानाचे स्वरूप आले. टाकळीचे विठ्ठलराव हे मोठे शेतकरी आणि संस्थेचे संचालक. त्यांचे म्हणणे असे की टाकळीचा कॅन फाळक्यालगतच राहील. पळसखेड्याच्या चंद्रभागाबाईंनी त्या गावातल्या बायकांना एकत्र करून दूध सुरू केले होते. त्यांचे म्हणणेही तेच. बोरगावचा म्हाळू मितभाषी होता, पण मागे सरकायला तोही तयार नव्हता. परिणाम असा की भरलेले सगळे कॅन डाव्या बाजूला एकमेकांना खेटून उभे राहत आणि उजव्या बाजूला रिकामी पोती व आप्पांची पाण्याची कळशी असे. कित्येक वर्षे हे असेच चालले. कोणालाही त्यात वावगे दिसले नाही, मलासुद्धा.

मग दोन पावसाळे कोरडे गेले. सत्याऐंशीच्या चैत्रात आमच्या तिन्ही गावांच्या विहिरींत दोर पुरेना. ज्वारी तर हातची गेलीच होती. म्हशी तेवढ्या माजलगावकडून येणाऱ्या उसाच्या वाढ्यांवर तग धरून होत्या, आणि त्यांच्या दुधावर घरे. अशा वेळी आप्पांची गाडी डावीकडे ओढू लागली.

आधी थोडी, मग फार. स्टेअरिंग उजवीकडे धरून ठेवल्याशिवाय ती सरळ चालेना. पुढच्या डाव्या टायरची एक कड झिजून कापडासारखी झाली. आप्पांच्या पत्नी शांतादेवी मला म्हणाल्या, "गुरुजी, ह्यांचा खांदा बगा. रोज तेल चोळून द्यावं लागतंय. गाडी चालवतेत का रेडा ओढतेत, कळंना." एका सकाळी ते टायर वाटेतच फुटले. चाक बदलून केंद्रावर पोहोचेपर्यंत ऊन चढले होते. तपासनिसाने दूध चंचुपात्रात उकळले आणि सगळ्यांसमक्ष ते फाटले. पुढच्याच आठवड्यात पुन्हा तेच झाले. केंद्राने लेखी ताकीद दिली की आणखी एकदा फाटलेले दूध आल्यास हा मार्ग पावसाळ्यापर्यंत बंद केला जाईल.

मार्ग बंद होणे याचा अर्थ तीन गावांना ठाऊक होता. आप्पांना तो सर्वांत जास्त ठाऊक होता, कारण दूध आणले होते गावांनी आणि नासले होते त्यांच्या गाडीत.

केजच्या मिस्त्रीने दोरी लावून पाहिली. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणायची आणि चाक कोठे आत आहे, कोठे बाहेर, ते पाहायचे, ही आमच्याकडची रीत. त्याने दोनदा जुळवले, दोनदा बिघडले. शेवटी तो प्रामाणिकपणे म्हणाला, "आप्पा, ही गाडी आता एका गाडीची राहिली न्हाई. इंजिन एकाचं, पाटे दुसऱ्याचे. नगरला न्या. तिथं राधाकिशन म्हणून हाय, त्याच्याकडं अलाइनमेंटचं खरं यंत्र हाय."

आप्पांनी गाडी नगरला नेण्याचे ठरवले. आमच्याकडे दुरुस्तीला वाहन न्यायचे असले की ते आधी रिकामे करून धुतात. कारागिरापुढे भरलेली, मळकी गाडी उभी करणे हा त्याचा अपमान मानतात. त्या टंचाईतही शांतादेवींनी भांड्यांचे खरकटे पाणी साठवून दिले, आप्पांनी फडक्याने गाडी पुसली, हौद्यातील पोतीसुद्धा काढून ठेवली आणि ते एकटेच निघाले. राधाकिशनने यंत्र लावले, पुढच्या चाकांना जोडणारा टायरॉड पिरगाळून चाके जुळवली आणि गाडी सरळ करून दिली.

त्या संध्याकाळी आप्पा परत आले ते प्रसन्न मुद्रेने. माझ्या दारात गाडी थांबवून म्हणाले, "गुरुजी, आष्टीपासून जामखेडपर्यंत हात सोडून आलो. रेषा मारल्यासारखी चालती." मी त्यांना चहा दिला. आम्ही दोघेही त्या रात्री निश्चिंत झोपलो असू.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध भरून गाडी बोरगावच्या बाहेर पडली, आणि पुन्हा डावीकडे ओढू लागली.

संस्थेची तातडीची सभा शाळेच्या वर्गात भरली. विठ्ठलराव बाकावर मावत नसत म्हणून टेबलावर बसले. ते म्हणाले, "नगरवाल्यानं ढिलं आवळलं असंल. म्हंजे आपुन परत जावं. हे धंदे मला कळतेत."

"परत जायाचं असंल तर जाऊ," आप्पा म्हणाले. "पर ट्रकवाल्याला मार्ग देऊ नका. ट्रक पळसखेड्यात शिरत न्हाई."

"मग बायांनी डोईवर कॅन घेऊन सडकंला यायचं का?" चंद्रभागाबाई दारातून म्हणाल्या. त्या आत येऊन बसत नसत. पण सभेतले एकही वाक्य त्यांच्या कानांतून सुटत नसे. "अन् ते ऊन बी आमच्याच डोक्यावर?"

"तुमच्या डोक्यावरचं ऊन टाकळीनं पाडलं का, मावशी?"

"टाकळीनं न्हाई. टाकळीच्या कॅननं आमचा कॅन रोज दाबला जातोय, ते तरी बगा आदी."

चर्चा अशी कॅनच्या जागेकडे वळली की सचिव म्हणून मला टेबल वाजवावे लागे. अखेर सहकारी संस्थेत जे नेहमी होते, तेच झाले. उपसमिती नेमण्यात आली. विठ्ठलराव, चंद्रभागाबाई आणि म्हाळू यांनी आप्पांबरोबर नगरला जावे, कारागिराला जाब विचारावा आणि काम आपल्या देखरेखीखाली करून घ्यावे. सचिवांनी सोबत राहून अहवाल तयार करावा. त्या दिवसाच्या दुधाचा गावोगावी खवा करायचा ठरला. तिघांपैकी कोणीही दुसऱ्याला एकटे जाऊ देणार नव्हते, हे मी ठरावात लिहिले नाही.

पहाटे निघालो. पुढे आप्पा आणि त्यांच्या डावीकडे मी. एरवी त्या जागी आप्पांच्या शेजाऱ्यांचा लहान कॅन असे. हौद्यात तिघे पोत्यांवर बसले. नेकनूर मागे पडले. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी दरीच्या बाजूला अशी झुकू लागली की मी दाराची कड घट्ट धरली. आप्पांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर ताणलेले होते. मागून विठ्ठलरावांचा आवाज आला, "ओ आप्पा! कावून ओढता इकडं? तिकडं खड्डा हाय!"

"मी न्हाई ओढत, विठ्ठलराव. तीच ओढती."

"तिला सांगा, सोबत संचालक हाय म्हणून!"

म्हाळू पहिल्यांदाच बोलला. "तिला सांगून काय व्हतंय? तिला दुधाचं वजन कळतंय, माणसाचं न्हाई."

आष्टीला थांबून चहा घेतला. चंद्रभागाबाईंनी डब्यातील भाकरी सर्वांना वाढली, विठ्ठलरावांना वाढताना त्या म्हणाल्या, "घ्या भाऊ, पळसखेड्याची भाकर हाय. आदी तुमीच घ्या, न्हाईतर मान जायचा." विठ्ठलरावांनी ती घेतली आणि दुसरीही मागितली.

नगरला राधाकिशनचे दुकान स्टेशन रस्त्यावर होते. पत्र्याची लांब शेड, जमिनीत खणलेला चर आणि चाकांना लावायची मोजमापाची यंत्रे. आमची गाडी रस्त्यावरून वळली तेव्हा तो शेडच्या तोंडाशी उभा होता. आप्पांनी गाडी थांबवली. विठ्ठलराव जाब विचारण्याच्या तयारीने फाळका उघडून एक पाय खाली टाकणार, इतक्यात राधाकिशन ओरडला:

"उतरू नका! कोणी उतरू नका! जसे बसले तसेच बसा!"

विठ्ठलरावांचा पाय तसाच अधांतरी राहिला. "काय बे? मी जाब विचारायला आलतो!"

"विचारा की. पण बसून विचारा." राधाकिशन गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि आप्पांच्या खिडकीत वाकला. "मागच्या वेळी गाडी आणली ती देव्हाऱ्यासारखी. मोकळी, धुतलेली. मी रिकाम्या गाडीचं माप धरलं. ते माप बरोबर होतं, अजूनही बरोबर आहे. मला सांगा आप्पा, ही गाडी रिकामी कधी चालते?"

आप्पांनी विचार केला. "रिकामी? रिकामी चालवून काय करू?"

"तेच. आत्ता बघा खाली उतरून. तुम्ही एकटेच उतरा, बाकीचे नाही."

आप्पा उतरले आणि गाडीच्या समोर जाऊन उभे राहिले. काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. प्रथम त्यांनी एक डोळा मिटून पाहिले, मग दोन्ही डोळ्यांनी, आणि मग ते खाली बसून मागच्या डाव्या पाट्याकडे पाहू लागले. मी मान काढून मागे पाहिले तेव्हा मलाही कळले. पाच तासांच्या प्रवासात एकाही सभासदाला कोणी जागा नेमून दिली नव्हती, तरी तिघे अगदी रोजच्या कॅनच्या जागी बसले होते. फाळक्यालगत विठ्ठलराव, त्यांना खेटून चंद्रभागाबाई, मागे म्हाळू, सगळे डावीकडे. उजवीकडे पोती होती. गाडी एका अंगावर कललेली होती, आणि ती कित्येक वर्षे तशीच कलत आली होती. केंद्रावरून रिकामे कॅन घेऊन परतताना ती कमी ओढते हे आप्पांना माहीत होते. पण आम्ही सगळेच तो रस्त्याच्या उताराचा गुण समजत होतो.

राधाकिशनने जे समजावले ते माझ्या शब्दांत असे. पुढच्या दोन चाकांच्या पुढील कडा किंचित आत झुकलेल्या असाव्या लागतात; हे झुकणे दोन्हीकडे सारखे असले तर गाडी सरळ चालते. मागे ट्रकचे पाटे आणि पुढे जड इंजिन बसवल्यावर या गाडीचे मूळ माप गेले. तरीही ती जुळवता येते, पण ज्या भाराने ती चालते त्याच भाराने, आणि तो भार दोन्ही अंगांना सारखा वाटला असला तरच. एका बाजूने लादलेली गाडी कोणत्याही यंत्राने सरळ होत नाही. वर्षानुवर्षे दबून मागचा डावा पाटा बसला होता, तो बदलावा लागेल. आणि पुढच्या डाव्या चाकाला उचलून धरणारी पिळाची सळईसुद्धा कसावी लागेल.

"तुमच्यापैकी एकानं उजवीकडे जा," तो म्हणाला. "मग मी यंत्र लावतो."

कोणी हलले नाही.

"म्हाळू," विठ्ठलराव म्हणाले.

"मी मागं हाय. मागच्यानं अजून मागं कावून जायचं?"

"मावशी, तुमी जा."

"मी जाईन," चंद्रभागाबाई म्हणाल्या, "पर उद्या केंद्रावर पळसखेड्याचा कॅन बी तिकडंच जाईल. त्या बाजूला दारच न्हाई. मग आमचं दूध सगळ्यांच्या मागून उतरवायचं अन् फाटलं की आमीच बोलणी खायची."

"म्हंजे टाकळीनं खावी?"

राधाकिशन हातातली यंत्राची दांडी खाली ठेवून बाकावर बसला. त्याने विडी पेटवली. चेहऱ्यावरून तरी त्याला हे प्रकार नवे नव्हते.

आप्पा अजून गाडीच्या मागे खाली बसलेले होते. ते उठले, हात पुसले आणि हौद्यापाशी आले. त्यांनी आवाज चढवला नाही. "मार्ग माझा गेला तर मी कारखान्यावर रखवालदार म्हणून जाईन. माझं भागंल. तुमच्या तीन गावांचं दूध कोणी न्यायचं, तेवढं सांगा. मग मी बी उतरतो अन् ही गाडी हितंच भंगारात देतो."

चंद्रभागाबाई विठ्ठलरावांकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, घाटात गाडी पडली असती तर डाव्या अंगाचा माणूस पहिला खाली गेला असता. तुमी फाळक्यालाच व्हता. घ्या, तो बी पहिला मान तुमचाच."

म्हाळू इतका हसला की त्याला खोकला आला. राधाकिशनच्या तोंडातून विडी गळाली. विठ्ठलरावांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण त्यांचे पोटच हलू लागले आणि त्यांच्याबरोबर गाडीही. "मावशी, तुमच्या तोंडाला लागून उपयोग न्हाई," असे म्हणत ते उठले आणि पोत्यांवरून उजवीकडे जाऊन बसले. पाठोपाठ चंद्रभागाबाईही सरकल्या. मग राधाकिशनलाच मधे पडून एकाला परत डावीकडे पाठवावे लागले, कारण आता गाडी उजवीकडे कलली होती.

पुढचे काम शांतपणे झाले. गाडी पुढून-मागून उचलून डावा पाटा बदलला. पिळाची सळई कसली. मग तिघे आपापल्या नव्या जागी बसले, आप्पा स्टेअरिंगवर, मी त्यांच्या शेजारी, आणि राधाकिशनने चाकांना यंत्र लावले. उपसमिती देखरेख करण्यासाठी आली होती. प्रत्यक्षात तिला दुपारभर हालचाल न करता बसावे लागले. विठ्ठलरावांना तंबाखू थुंकायलासुद्धा वाकू दिले नाही. मधेच चंद्रभागाबाईंनी विचारले, "उजव्या अंगाला पयलं दार व्हतं ना, आप्पा? मग ते परत पाडा की. दोन्हीकडून कॅन उतरवा. कोण आदी अन् कोण मागून, हा कज्जाच ऱ्हाणार न्हाई."

आप्पांनी मागे वळून त्यांच्याकडे पाहिले. "ते मीच बंद केलतं," ते म्हणाले. "निसटत व्हतं म्हणून."

"मग आता नीट कडी लावा."

परतताना आप्पांनी जामखेडच्या पुढे सपाट रस्त्यावर हात सोडले. गाडीत पाच माणसांचा भार होता. ती सरळ गेली. त्यांनी हात पुन्हा स्टेअरिंगवर ठेवले आणि काही अंतर गेल्यावर पुन्हा सोडले, जणू पहिल्या वेळी आपला काही गैरसमज झाला असावा. मागे हौद्यात तिघेही झोपले होते. मांजरसुंब्याचा घाट उतरताना मी दाराची कड धरली नाही, हे मला घाट संपल्यावर जाणवले.

परंतु खरी परीक्षा दुसऱ्या सकाळची होती. त्या दिवशी शाळेला सुट्टी असल्याने मीही गेलो. केजच्या वेल्डरने पहाटेच उजवा फाळका कापून तात्पुरत्या बिजागऱ्यांवर लावला होता. टाकळीचा एक कॅन डावीकडे, एक उजवीकडे. पळसखेडे आणि बोरगावचे तसेच. विठ्ठलराव स्वतः पारावर येऊन उभे राहिले आणि कॅन सारखे वाटले जातात की नाही ते पाहत होते. कोणी काही म्हणण्यापूर्वीच त्यांनी टाकळीचा भरलेला कॅन उजवीकडे सरकवायला सांगितले. गाडी निघाली. आप्पांचा उजवा खांदा सैल होता. वाटेत एका बैलगाडीला वाट देण्यासाठी त्यांनी फक्त बोटांनी स्टेअरिंग वळवले. अंबाजोगाईला आम्ही ऊन चढण्याच्या बरेच आधी पोहोचलो.

तपासनिसाने पहिल्या कॅनमधले दूध उकळले, मग दुसऱ्यातले, मग सगळ्यांतले. आप्पा भिंतीशी उभे राहून पात्राकडे पाहत होते. दूध वर आले, फुगले आणि साय धरू लागले. कोठेही फाटले नाही. शेवटच्या कॅननंतर तपासनीस सहज म्हणाला, "आज बरं आहे." आप्पांनी बंडीच्या बाहीने तोंड पुसले आणि ते बाहेर जाऊन गाडीच्या पायरीवर बसले. बराच वेळ बसले. मी शेजारी जाऊन बसलो तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, मला वाटलं व्हतं की मीच गाडी बिघडवली. इंजिन बदललं, पाटे बदलले. तसं न्हाई." मी म्हणालो, "नाही." मग आम्ही रिकामे कॅन उचलून गाडीत ठेवले.

त्यानंतर जे ठरले ते पुढीलप्रमाणे. उजव्या फाळक्याला कायमच्या कड्या बसवण्यात आल्या. संस्थेच्या सर्वसाधारण सभेने ठराव केला की तिन्ही गावांचे कॅन दोन्ही बाजूंना सारखे ठेवावेत आणि कोणाचा कॅन आधी उतरेल याची पाळी दर आठवड्याला बदलावी. तो ठराव सुरुवातीला मोडला जाईल अशी मला शंका होती. ती निराधार ठरली. शीतकरण केंद्राने ताकीद मागे घेतली. त्या उन्हाळ्यात त्या मार्गावर पुन्हा एकदाही दूध फाटले नाही आणि मार्ग आप्पांकडेच राहिला. गाडी दरवर्षी एकदा राधाकिशनकडे जात असे, नेहमी भरलेली; भार म्हणून कोण जाणार यासाठी गावांत आता उलट स्पर्धा लागे, कारण नगरचा बाजार पाहायला मिळे. आप्पांनी तिच्यावर अकरा वर्षे आणखी दूध वाहिले. मग गुडघे दुखू लागले तेव्हा त्यांनी मार्ग स्वतःहून सोडला. गाडी आता त्यांच्या कन्या गंगासागर यांच्या अंगणात आहे. पुण्याच्या एका गृहस्थांनी ती मागितली होती, हौदा काढून पूर्ववत करण्यासाठी. गंगासागर यांनी नकार दिला. त्या अजूनही तिच्यातून कधीमधी कडब्याच्या पेंढ्या आणतात.

एकच काम पुरे झाले नाही, ते उपसमितीच्या अहवालाचे. मी मसुदा तीनदा तयार केला. पहिल्याच परिच्छेदात विठ्ठलराव आणि चंद्रभागाबाई यांचे एकमत होईना. उजवीकडे आधी आपणच सरकलो, असा दोघांचाही ठाम दावा होता. म्हाळूला विचारले तर तो म्हणे, "मी मागं व्हतो, मला दिसलं न्हाई." विठ्ठलराव आणि चंद्रभागाबाई दोघेही आता हयात नाहीत आणि मसुदा माझ्याकडे सहीविना आहे.